ताम्हिणीचा पाऊस, जमिनीची छिद्रे आणि झिओलाईटची पिशवी

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर ताम्हिणी हे गाव वसले आहे. पुण्याहून माणगावकडे जाणारा रस्ता येथूनच कोकणात उतरतो आणि समुद्रावरून येणारा मोसमी वारा येथेच डोंगराला अडतो. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणी येथे ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने त्या एका दिवसात प्रत्येक गुंठ्यावर सुमारे छप्पन हजार लिटर, म्हणजे एकरी साडेबावीस लाख लिटर पाणी पडले.

यांपैकी जमिनीने किती धरले असेल? एक फूट खोलीच्या चांगल्या जमिनीत निम्मी जागा मातीच्या कणांची व निम्मी पोकळीची असते. ही सर्व पोकळी कोरडी ठणठणीत असती, तरीही तीत फार तर दीडशे मिलिमीटर पाणी मावले असते. जुलैच्या अखेरीस तर जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते. सबब पडलेले बहुतेक सर्व पाणी वाहून गेले, आणि भातखाचरात नुकताच युरिया फेकला असेल तर त्याचा मोठा भागही पाण्याबरोबर गेला. असा अनुभव घाटमाथ्यावरील शेतकऱ्यास नवा नाही. पावसाळ्यात पाण्याने बांध फुटतात आणि चैत्र-वैशाखात त्याच डोंगरावर हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते.

ही अडचण दूर करणारे खनिज म्हणून अलीकडे झिओलाईटच्या पिशव्या बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यांवर ‘सूक्ष्म छिद्रयुक्त’, ‘पाणी व खत धरून ठेवणारे’ अशी वाक्ये छापलेली असतात. झिओलाईट हे खरोखरच गुणी खनिज आहे, यात शंका नाही. परंतु एखाद्या पदार्थात छिद्रे आहेत एवढ्यावरून त्याची उपयुक्तता सिद्ध होत नाही. ती छिद्रे केवढी आहेत, त्यांची तोंडे किती रुंद आहेत, त्यांत कोण शिरू शकते व कोणाला मज्जाव आहे, आणि आत गेलेली वस्तू पिकाच्या मुळास परत मिळते की नाही, हे पाहावे लागते. हे नीट समजले, म्हणजे पिशवीसाठी पैसे मोजावेत की न मोजावेत याचा निर्णय शेतकऱ्यास स्वतःच घेता येईल.

जमिनीतील छिद्रांच्या तीन जाती

जमिनीतील पोकळी सर्वत्र सारखी नसते. तिचे शेतीच्या दृष्टीने तीन भाग पडतात. सुमारे ०.०५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या छिद्रांतील पाणी स्वतःच्या भाराने खाली निथळते व त्यांत हवा शिरते. त्याहून लहान, परंतु ०.०००२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या छिद्रांत केशाकर्षणाने पाणी टिकून राहते आणि मुळे ते ओढून घेऊ शकतात. हीच पिकाची खरी साठवण होय. त्याहूनही बारीक छिद्रांतील पाणी मातीच्या कणांनी इतके घट्ट धरलेले असते, की ते जमिनीत असूनही पीक सुकून जाते. मूळ साधारणपणे पंधरा वातावरणांच्या दाबाएवढ्या ओढीपर्यंत पाणी शोषू शकते. त्यापलीकडे त्याची शक्ती चालत नाही.

छिद्रांतून पाणी वाहण्याचाही एक नियम आहे. छिद्राचा व्यास निम्मा झाला तर त्यातून वाहणारे पाणी निम्मे होत नाही, ते सोळाव्या हिश्श्यावर येते. भाताच्या चिखलणीत शेतकरी नेमके हेच साधतो. नांगर आणि पाय मातीतील मोठी छिद्रे मोडून बारीक करतात. एकूण पोकळी फारशी घटत नाही, परंतु पाणी खाली मुरण्याचा वेग एकदम मंदावतो व खाचरात पाणी उभे राहते. उलट, खेकड्याने बांधाला पाडलेले एकच बीळ अशी लक्षावधी बारीक छिद्रे वाचवीत असलेले पाणी एका रात्रीत रिकामे करते. पोकळीची बेरीज आणि पोकळीचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुळशीचा भातकरी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने जाणतो.

एकूण पोकळी मोजणे कठीण नाही. दोन्ही तोंडे उघडी असलेला, दहा सेंटिमीटर व्यासाचा व तेवढ्याच उंचीचा पत्र्याचा डबा जमिनीत अलगद ठोकून भरून घ्यावा व आतील माती पूर्ण वाळवून तोलावी. डब्याचे आकारमान ७८५ घन सेंटिमीटर होते. वाळलेली माती १,०२० ग्रॅम भरली तर दर घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम वजन आले. मातीच्या कणांचे स्वतःचे वजन दर घन सेंटिमीटरला सुमारे २.६५ ग्रॅम असते. म्हणजे सुमारे एकोणपन्नास टक्के जागा कणांची व एक्कावन्न टक्के पोकळीची. छिद्रांच्या आकाराची वाटणी समजण्यासाठी प्रयोगशाळेत ओली माती सच्छिद्र चिनी मातीच्या तबकडीवर ठेवून तिच्यावर हवेचा दाब देतात. एक-तृतीयांश वातावरणाच्या दाबाला किती पाणी राहिले व पंधरा वातावरणांच्या दाबाला किती राहिले, यांतील वजाबाकी म्हणजे पिकास मिळणारे पाणी.

सह्याद्रीच्या दगडातील झिओलाईट

झिओलाईट ही परदेशातून आलेली नवलाई आहे, अशी समजूत होण्याचे कारण नाही. ताम्हिणीचा डोंगर ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे, त्याच्याच पोटात ही खनिजे सापडतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. रस थिजत असताना त्यातील वायूचे बुडबुडे आतच अडकले व दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे दगडातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने खडकातील द्रव्ये विरघळवून या पोकळ्यांत आणून ठेवली आणि त्यांचे स्फटिक बनले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर पांढरे, गुलाबी, पंख्यासारखे किंवा सुयांच्या झुबक्यासारखे जे चकचकीत खडे निघतात, त्यांस खेड्यात सरसकट ‘गार’ म्हणण्याची पद्धत आहे. त्यांतील पुष्कळसे स्टिलबाईट, ह्यूलँडाईट, स्कोलेसाईट, मॉर्डेनाईट, चाबाझाईट या जातींचे झिओलाईट असतात. एकोणिसाव्या शतकात भोर घाटात लोहमार्गासाठी डोंगर फोडला गेला तेव्हा असे सुंदर नमुने निघाले. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतील नमुने तर जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत.

या खनिजास नाव दिले ते स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेड्ट याने, १७५६ साली. खडा तापविताच त्यातून वाफ फसफसून बाहेर पडते असे त्यास आढळले, म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे हे नाव बनविले. दगडात पाणी होते ते याच सूक्ष्म छिद्रांत. झिओलाईटची चौकट सिलिकॉन, ॲल्युमिनियम व प्राणवायू यांच्या अणूंची असते आणि तीत ठराविक मापाच्या खोल्या व बोळ ओळीने असतात. घराचा आराखडा एकच, म्हणून प्रत्येक बोळाचे तोंडही एकाच मापाचे. मातीची छिद्रे वाटेल त्या आकाराची असतात. झिओलाईटची छिद्रे कारखान्यात विणलेल्या चाळणीसारखी नेमकी असतात. चौकटीतील प्रत्येक ॲल्युमिनियमपाशी एक ऋण विद्युतभार शिल्लक राहतो व तो फेडण्यासाठी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे धन आयन बोळात वस्ती करून राहतात. हे आयन चौकटीला जखडलेले नसतात. दुसरे धन आयन आले तर ते जागा सोडून देतात. यालाच आयन-विनिमय म्हणतात.

या विनिमयाचा शोध शेतीतूनच लागला, ही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये थॉम्सन व वे या दोघांनी १८५०च्या सुमारास मातीवर अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतून पाहिले. खाली निथळलेल्या पाण्यात अमोनियम सापडले नाही, त्याऐवजी कॅल्शियम सापडले. मातीने अमोनियम ठेवून घेतले व कॅल्शियम देऊन टाकले होते. पुढे १८५८ साली आइखहॉर्न याने झिओलाईटही हाच व्यवहार करतात, व तो उलटही फिरविता येतो, असे दाखवून दिले.

डोळ्यांना न दिसणारे छिद्र कसे मोजतात

झिओलाईटच्या छिद्राचे तोंड सामान्यतः ०.३ ते ०.८ नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. हे छिद्र मोहरीच्या दाण्याएवढे कल्पिले, तर मुळावरील एक मूलरोम सुमारे चाळीस मीटर जाडीचा ठरेल. एवढे बारीक छिद्र साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्याची माहिती आडवाटेने काढतात. कोठारात किती जागा आहे हे पोती भरून पाहावे, तसाच हा प्रकार आहे.

सर्वांत प्रचलित रीत नायट्रोजन वायूची. पदार्थ तापवून व निर्वात करून छिद्रे रिकामी करतात. मग तो उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्यावर थोडा थोडा नायट्रोजन सोडतात आणि किती वायू पृष्ठभागास चिकटला हे दाबागणिक नोंदतात. नायट्रोजनचा एक रेणू किती जागा व्यापतो हे ठाऊक असल्यामुळे त्यावरून आतील एकूण पृष्ठभाग काढता येतो. ब्रुनाउअर, एमेट व टेलर यांनी १९३८ साली या गणिताचे सूत्र बसविले. यांपैकी ब्रुनाउअर व एमेट हे अमेरिकेच्या कृषिखात्याच्या नायट्रोजन प्रयोगशाळेत, खतासाठी लागणाऱ्या अमोनियाच्या उत्प्रेरकांवर काम करीत होते. आज जगातील प्रत्येक रसायनशाळेत वापरली जाणारी ही रीत मुळात खताच्या प्रश्नातून जन्मास आली.

मोठ्या छिद्रांसाठी पाऱ्याचा उपयोग करतात. पारा आपण होऊन छिद्रात शिरत नाही. त्यास दाबून घालावे लागते आणि छिद्र जितके लहान तितका दाब अधिक लागतो. एका वातावरणाच्या दाबाला तो सुमारे पंधरा सहस्रांश मिलिमीटरच्या छिद्रात शिरतो, तर काही नॅनोमीटरच्या छिद्रासाठी दोन हजार वातावरणांचा दाब द्यावा लागतो. झिओलाईटच्या खऱ्या छिद्रापर्यंत मात्र पारा कधीच पोहोचत नाही. तेथे क्ष-किरण उपयोगी पडतात. स्फटिकातून परावर्तित झालेल्या किरणांच्या मांडणीवरून चौकटीचा आराखडा, आणि म्हणून बोळाचे मापही, निश्चित होते.

ही विद्या पुण्यास परकी नाही. १९५० साली स्थापन झालेल्या पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने झिओलाईटचे उत्प्रेरक तयार करण्यात मोलाचे काम केले असून, १९८०च्या दशकात विकसित झालेले ‘एनसिलाईट’ उत्प्रेरक देशातील रसायन कारखान्यांत वापरले गेले. झिओलाईटचा आणखी एक उपयोग २०२१ साली सर्वांस कळला. करोनाच्या साथीत रुग्णालयांतून जे प्राणवायूचे प्रकल्प उभारले गेले, त्यांत हवेतील नायट्रोजन धरून ठेवून प्राणवायू पुढे सोडण्याचे काम झिओलाईटचे खडेच करीत होते व ते त्या वेळी परदेशातून विमानाने आणावे लागले.

मापाचा अर्थ चुकीचा लावू नये

शेतीसाठी जो झिओलाईट मुख्यत्वे वापरतात त्याचे नाव क्लिनॉप्टिलोलाईट. ज्वालामुखीच्या राखेचे जाड थर बदलून तो तयार होतो आणि म्हणून तो मोठ्या प्रमाणावर खणून काढता येतो. आपल्या पाषाणातील ह्यूलँडाईटची चौकट अगदी हीच आहे. दोहोंत बोळांचे तोंड सुमारे ०.७५ × ०.३१ आणि ०.४६ × ०.३६ नॅनोमीटर असते. क्ष-किरणांनाही त्यांतील भेद सहजी दिसत नाही. क्लिनॉप्टिलोलाईटमध्ये सिलिकॉनचे प्रमाण अधिक असते व तो ४५० अंशांपर्यंत तापविला तरी टिकतो. ह्यूलँडाईटची चौकट तेवढ्या उष्णतेत ढासळते. अशा रीतीने त्यांची ओळख पटवितात. मात्र सह्याद्रीतील झिओलाईट दगडाच्या पोकळ्यांत विखुरलेले असल्यामुळे विहिरीतून निघालेले चार खडे कुटून शेतात घातल्याने काही साधणार नाही.

आता एक मौजेची गोष्ट पाहावी. क्लिनॉप्टिलोलाईटच्या बोळात इतके आयन दाटीने बसलेले असतात, की उणे १९६ अंशांच्या थंडीत नायट्रोजनचा रेणू आत शिरूच शकत नाही. त्यामुळे नायट्रोजनच्या रीतीने त्याचा पृष्ठभाग दर ग्रॅमला अवघा दहा ते चाळीस चौरस मीटर भरतो. मोकळ्या बोळांच्या कृत्रिम झिओलाईटचा कित्येक शे भरतो. म्हणून क्लिनॉप्टिलोलाईट निकस ठरतो काय? नाही. पाण्यातील अमोनियम त्याच बोळात सुखाने शिरते. म्हणजे पाहुणा बदलला की मापही बदलते. सबब शेतीच्या झिओलाईटची परीक्षा ‘पृष्ठभाग किती’ या आकड्यावर न करता ‘आयन-विनिमय क्षमता किती’ या आकड्यावर करावी. जपानने १९८४ साली जमिनीच्या सुपीकतेचा कायदा केला. त्याखाली झिओलाईटला भूसुधारक म्हणून मान्यता देताना, दर शंभर ग्रॅमला किमान पन्नास मिलितुल्यांक विनिमय क्षमता असावी, हीच अट घातलेली आहे.

शब्दांचाही घोटाळा होतो. रसायनशास्त्रज्ञ दोन नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रास सूक्ष्म छिद्र म्हणतो. मृदाशास्त्रज्ञ त्याच शब्दाने त्याहून हजारो पट मोठे, पाणी धरणारे छिद्र दर्शवितो. पिशवीवर ‘सूक्ष्म छिद्रे’ असे छापलेले वाचून ती मातीतील पाणी साठविणारी छिद्रे असावीत, असा समज होणे साहजिक आहे, पण तो चुकीचा आहे. मुळास ज्या छिद्रातून पाणी काढता येते त्याची खालची मर्यादा ०.०००२ मिलिमीटर, म्हणजे २०० नॅनोमीटर. झिओलाईटचे छिद्र त्याच्या सुमारे चारशे पट लहान. त्यातील पाणी काढणे मुळाच्या आवाक्याबाहेरचे आहे. झिओलाईटच्या दाण्यात स्फटिकांच्या मधल्या मोठ्या फटी असतात, त्यांतील थोडे पाणी पिकास मिळते व वाळूमय जमिनीत मोठ्या मात्रेत घातल्यास त्याचा उपयोगही दिसतो. परंतु तो गुण त्या फटींचा आहे.

खत कोणते धरले जाते, कोणते नाही

झिओलाईटचा खरा गुण अमोनियम धरण्याचा. क्लिनॉप्टिलोलाईटला कॅल्शियम व सोडियम यांपेक्षा पोटॅशियम व अमोनियम अधिक प्रिय आहेत. शिवाय अमोनियमचे नायट्रेट करणारे जीवाणू सुमारे एक हजार नॅनोमीटर लांबीचे असल्यामुळे ते बोळात शिरू शकत नाहीत. आत बसलेले अमोनियम त्यांच्यापासून सुरक्षित राहते व पुढे जमिनीतील पाण्यातील इतर आयनांशी अदलाबदल होऊन हळूहळू मुळास मिळते.

परंतु युरिया हा धन आयन नव्हे. त्याच्यावर विद्युतभार नसतो. जमिनीत त्याचे अमोनियम होण्यास काही दिवस लागतात व तोपर्यंत तो पाण्याबरोबर जाऊ शकतो. नायट्रेट तर ऋण आयन आहे. त्यास झिओलाईटच्या दारी थारा नाही. म्हणून युरिया फेकल्यावर दुसऱ्याच दिवशी ताम्हिणीसारखा पाऊस कोसळला, तर शेतात झिओलाईट असूनही तो युरिया वाचणार नाही.

पिशवीचा हिशेब

आता प्रमाणाचा विचार करू. चांगल्या क्लिनॉप्टिलोलाईटची क्षमता दर शंभर ग्रॅमला दीडशे मिलितुल्यांक धरावी. प्रयोगशाळा हाच आकडा दर किलोला सेंटिमोल म्हणून देतात. त्यातील प्रत्येक जागा अमोनियमने भरली असे मानले, तरी एका किलोत एकवीस ग्रॅम नत्र बसते. दहा किलोच्या पिशवीत दोनशे दहा ग्रॅम. युरियात छेचाळीस टक्के नत्र असते. म्हणजे दहा किलो झिओलाईट फार तर पाऊण नव्हे, अर्ध्या किलोहूनही कमी युरियाचे नत्र सांभाळू शकेल. प्रत्यक्षात सर्व जागा कधीच भरत नाहीत, तेव्हा त्याहूनही कमी. एक एकरासाठी चाळीस किलो नत्र धरून ठेवावयाचे तर सुमारे दोन टन झिओलाईट लागेल.

दुसऱ्या बाजूने पाहू. एक एकर जमिनीचा वरचा अर्ध्या फुटाचा थर सुमारे नऊ लक्ष किलो वजनाचा असतो. घाटमाथ्यावरील तांबूस, धुपून गेलेल्या जमिनीची विनिमय क्षमता काळ्या जमिनीच्या मानाने फारच कमी असते. ती अवघी दहा मिलितुल्यांक धरली, तरी दहा किलो झिओलाईट त्या जमिनीच्या स्वतःच्या क्षमतेत सहा हजारांत एक एवढीच भर घालतो. समुद्रात खसखस टाकल्याचाच हा प्रकार. याउलट कुजून तयार झालेल्या सेंद्रिय पदार्थाची विनिमय क्षमता दोनशे मिलितुल्यांक व त्याहूनही अधिक असते. जमिनीत तो एक टक्क्याने वाढला तर क्षमता सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. शिवाय मातीचे कण एकत्र बांधले जाऊन मुळास उपयोगी पडणारी मधली छिद्रे तयार होतात. हे काम झिओलाईट करीत नाही. सेंद्रिय पदार्थाची अशी वाढ एका हंगामात होत नाही हे खरे; पण त्या दिशेने टाकलेले प्रत्येक पाऊल शेतातच राहते.

झिओलाईटचा उपयोग कोठे करावा

हे वाचून झिओलाईट टाकाऊ आहे असे समजू नये. जेथे अमोनिया एकवटलेला असतो, तेथे तो चांगले काम देतो. गोठ्यात मूत्र साचणाऱ्या जागी, कोंबड्यांच्या घरातील तुसाच्या गादीवर किंवा शेणखताच्या खड्ड्यात भुकटी शिंपडल्यास हवेत उडून जाणारे नत्र काही अंशी अडते व दुर्गंधी कमी होते. जपानमधील शेतकरी अशा कामासाठी झिओलाईटयुक्त दगडाची भुकटी दीर्घकाळ वापरीत आले आहेत. तीच भुकटी पुढे खताबरोबर शेतात जाते, म्हणजे खर्चाचा दुहेरी उपयोग होतो. रोपवाटिकेच्या मोजक्या मातीतही प्रमाण सांभाळून ती वापरता येते. कोळंबीच्या तळ्यात मात्र विचार करावा. खाऱ्या पाण्यात सोडियमची गर्दी इतकी असते, की अमोनियमला जागा मिळणे कठीण होते.

विकत घेताना विक्रेत्यास तीन गोष्टी लेखी मागाव्यात: खनिजाचे नाव व त्याचे शेकडा प्रमाण, आयन-विनिमय क्षमता आणि दाण्यांचा आकार. घरच्या घरी दोन परीक्षा करता येतात. भुकटीवर लिंबाचा रस किंवा सौम्य आम्ल टाकावे. जोराने फसफसल्यास तीत चुनखडीची भेसळ आहे. चमचाभर भुकटी पाण्यात भिजवून ठेवावी. ती फुगून बुळबुळीत लगदा झाल्यास तो बेंटोनाईट किंवा तत्सम चिकणमाती समजावी. झिओलाईट फुगत नाही. या परीक्षांनी खोटा माल ओळखू येतो; माल खरा आहे हे मात्र प्रयोगशाळेच्या दाखल्यानेच ठरते.

घाटमाथ्यावर काय करावे

ताम्हिणीसारख्या भागात नत्र वाचविण्याचा अधिक भरवशाचा मार्ग महाराष्ट्रात प्रचारात आहेच. डॉ. एन. के. सावंत यांनी पुरस्कारिलेल्या चारसूत्री भातलागवडीत युरिया व डीएपी यांच्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. चिखलणीने बारीक केलेल्या छिद्रांमुळे त्या खोलीवर पाणी जवळजवळ स्थिर असते व तेथे प्राणवायूही नसतो. म्हणून तयार झालेले अमोनियम अमोनियम म्हणूनच टिकते व वरून वाहणाऱ्या पाण्याच्या तावडीत सापडत नाही. झिओलाईटच्या बोळात जे घडते तेच येथे खाचराच्या चिखलात, तेही अल्प खर्चात, घडते. पंधरा व पंचवीस सेंटिमीटरच्या आलटून-पालटून ओळी घेतल्याने गोळी खोचणे सोपे होते. इंद्रायणी असो की आंबेमोहोर, ही रीत दोन्हीस लागू पडते.

याच पद्धतीतील दुसरी दोन सूत्रेही छिद्रांशीच निगडित आहेत. चिखलणीपूर्वी आठवडाभर गुंठ्याला तीस किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला जमिनीत गाडल्यास सेंद्रिय पदार्थ वाढतो. बांधावर लावलेल्या फांद्यांपासून तो घरचाच मिळतो. राबासाठी फांद्या तोडून वाफ्यावर जाळण्याऐवजी रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. तुसाची ही राख सिलिकायुक्त तर असतेच, शिवाय ती स्वतः सच्छिद्र असल्यामुळे वाफा भुसभुशीत राहतो व रोपे मुळांसह सहज उपटता येतात. जंगलाचा पालाही वाचतो, आणि जंगलाच्या जमिनीतील मोठी छिद्रे शाबूत राहिली तरच डोंगरात पाणी मुरून झरे टिकतात.

खरिपापूर्वी एकदा डब्याची परीक्षा करावी, माती परीक्षणासाठी नमुना पाठवावा, बांधावरील खेकड्यांची बिळे चिकणमातीने ठासून बुजवावीत. ताम्हिणीचा पाऊस थोपविणे कोणाच्याही हाती नाही. त्यातील पाणी व खत किती राहावे हे जमिनीतील छिद्रे ठरवितात, आणि त्या छिद्रांचा आकार पुष्कळ अंशी शेतकऱ्याच्या नांगराच्या, पाल्याच्या व बांधाच्या कामावर अवलंबून आहे. पिशवी घेण्यापूर्वी या गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात; मग गोठ्यासाठी झिओलाईट जरूर आणावा, पण त्याचे मोल जोखून.